बॉब मार्लेच्या गाण्यात शेवटचं कडवं गाणारा पीटर टॉश, ज्याने पंतप्रधानांना स्टेजवरून सुनावलं आणि त्याची किंमत मोजली

बॉब मार्ले गेला १९८१ मध्ये. त्यानंतर तीन वर्षांनी, १९८४ ला, त्याच्या निवडक गाण्यांचा एक संग्रह बाजारात आला. नाव 'लेजंड'. आज जगात कुणालाही रेगे ऐकायला सुरुवात करायची असली की तो बहुतेक याच अल्बमपासून करतो. कोट्यवधी कॉपी खपल्या, अजून खपतायत, गोव्याच्या शॅकमध्ये संध्याकाळी हमखास वाजतो तो पण हाच.

या संग्रहात 'गेट अप, स्टँड अप' नावाचं एक गाणं आहे. आज जमलं तर हेडफोन लावून नीट ऐका. सुरुवातीची कडवी मार्ले गातो. आणि मग शेवटच्या कडव्याला आवाज बदलतो. जाड, खर्जातला, जरा चिडलेला आवाज. बहुतेकांना वाटतं मार्लेनेच सूर खाली आणलाय.

तो मार्ले नाही. तो पीटर टॉश आहे.

ज्या माणसाचा आवाज कोट्यवधी घरांत पोहोचला पण ज्याचं नाव पोहोचलं नाही, असा हा गडी. मार्लेसोबत हे गाणं लिहिणाऱ्यांमध्ये तो होता, वेलर्स नावाचा बँड उभा करणाऱ्या तिघांमधला एक तो होता, आणि त्या तिघांत सगळ्यात तिखट तोंडाचा पण तोच. या तोंडाने त्याला काय काय दिलं आणि काय काय नेलं, तेच आज सांगतो.

तर सुरुवात जमैकाच्या पश्चिम टोकाला, वेस्टमोरलंड नावाच्या भागात होते. हा सगळा उसाच्या मळ्यांचा पट्टा. १९ ऑक्टोबर १९४४ ला इथे विन्स्टन ह्युबर्ट मॅकिंटॉश नावाचा पोरगा जन्मला. आईवडिलांनी त्याला वाढवलं नाही, मावशीने सांभाळला. मावशी चर्चला जाणारी, त्यामुळे पोरगं चर्चमध्ये गायला लागलं.

गिटार शिकण्याचा त्याचा किस्सा जमैकात अजून सांगतात. गावात एक माणूस गिटारवर एक गाणं वाजवत बसला होता. हा समोर जाऊन बसला आणि अर्धा दिवस हललाच नाही, नुसता त्याच्या बोटांकडे बघत राहिला. मग त्याने गिटार मागून घेतली आणि तेच गाणं जसंच्या तसं वाजवून दाखवलं. समोरच्याने विचारलं, तुला शिकवलं कुणी? तर हा म्हणाला, तुम्हीच की आत्ता.

पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो राजधानी किंग्स्टनच्या ट्रेंचटाउन वस्तीत आला. ट्रेंचटाउन म्हणजे सरकारने बांधलेल्या बैठ्या खोल्या, सामायिक अंगण, सामायिक नळ आणि हाताला काम नसलेली तरुण पोरं. पण या वस्तीत जो हिग्ज नावाचा एक गायक राहायचा. स्वतःची गाणी गाजलेला माणूस, पण वस्तीतल्या पोरांना अंगणात बसवून फुकटात गाणं शिकवायचा. दोन-तीन आवाज एकमेकांत कसे मिसळायचे, श्वास कुठे घ्यायचा, सगळं. त्याच्या या शाळेत तीन पोरं एकत्र आली. रॉबर्ट नेस्टा मार्ले, म्हणजे बॉब. नेव्हिल लिव्हिंगस्टन, म्हणजे पुढचा बनी वेलर. आणि विन्स्टन मॅकिंटॉश, ज्याचं पुढे पीटर टॉश झालं.

सुरुवातीच्या काळात या पोरांमध्ये वाद्य वाजवता येणारा एकटा पीटर होता. गिटार पण, कीबोर्ड पण, दोन्ही स्वतःचं स्वतः शिकलेलं. त्याचं बघून बाकीच्यांनी वाद्यं हातात घेतली, असं खुद्द बनी वेलरचं म्हणणं होतं. म्हणजे आज टी-शर्टवर मार्लेच्या हातात जी गिटार दिसते, तिच्या मागे या उंच, काळ्या चष्म्यातल्या माणसाचा वाटा आहे.

आता थोडं रेगेबद्दल, कारण त्याशिवाय पुढचा राडा कळणार नाही.

जमैका ६ ऑगस्ट १९६२ ला ब्रिटिशांपासून स्वतंत्र झाला. त्या काळात तिथे 'स्का' नावाचं वेगवान, नाचायला लावणारं संगीत जोरात होतं. ते हळू झालं तेव्हा त्याला 'रॉकस्टेडी' म्हणाले, आणि १९६८ च्या आसपास त्यातून रेगे बाहेर आलं. रेगेची खूण ओळखायला सोपी आहे. एक-दोन-तीन-चार असं मोजत टाळी दिली तर आपला हात पहिल्या मात्रेवर जोरात पडतो, आपल्याला समेची सवय. रेगेमध्ये पहिली मात्रा बऱ्याचदा मोकळी सोडतात. ड्रमचा ठोका तिसऱ्या मात्रेवर, आणि गिटारचा 'चक' आवाज दोन आणि चारवर. त्यामुळे गाणं सतत किंचित मागे रेलून चालल्यासारखं वाटतं.

आणि 'रूट्स' रेगे म्हणजे याच ठेक्यावर गायलेली मुळांची गोष्ट. जमैकातल्या बहुसंख्य लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले. आपण कुठून आलो, कुणी आणलं, आपल्याला परत आपलं कधी मिळणार, हे प्रश्न रस्ताफारी पंथाने १९३० च्या दशकात विचारायला सुरुवात केली. इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी हा त्यांचा देव, आफ्रिका हे त्यांचं घर, आणि गोऱ्यांच्या साम्राज्यावर उभी असलेली सगळी व्यवस्था म्हणजे 'बॅबिलॉन'. केस न कापता जटा वाढवायच्या, मांस टाळायचं, आणि गांजा ही पवित्र वनस्पती मानायची. सत्तरच्या दशकात या विचारातून जी गाणी आली ती रूट्स रेगे.

गांजाचा विषय आलाच आहे तर एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. जमैकात या वनस्पतीला काय म्हणतात माहितीये? गांजाच. शब्द आपलाच आहे, कारण तो भारतातूनच गेला. ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केली आणि उसाच्या मळ्यांवर राबायला माणसं कमी पडायला लागली. मग १८४५ मध्ये भारतातून करारावर नेलेल्या मजुरांचं पहिलं जहाज जमैकाच्या किनाऱ्याला लागलं. १९१७ पर्यंत अशी साधारण ३६ हजार माणसं गेली, बहुतेक आत्ताच्या उत्तर प्रदेश आणि बिहारच्या पट्ट्यातली. त्यांच्यासोबत गांजा गेला, शब्द गेला, चिलीम पण गेली. काही अभ्यासक तर रस्ताफारींच्या जटांचा धागाही भारतीय साधूंपर्यंत नेऊन जोडतात, पण त्यावर एकमत नाही.

गंमत अशी की ब्रिटिश भारतात सरकार गांजाच्या विक्रीवर कर लावून तिजोरी भरत होतं, आणि त्याच साम्राज्याच्या जमैकात १९१३ मध्ये गांजाबंदीचा कायदा आला. बंदी कुणावर पडली? गरीब मजुरांवर, आणि पुढे रस्ताफारींवर. पोलिसांना एखाद्या जटावाल्याला उचलायचं असलं की हा कायदा खिशात तयारच असायचा. टॉशचं सगळं भांडण या मुद्द्यावरून सुरू होतं. (आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजा बाळगणं हा गुन्हा आहे, हे इथेच सांगून ठेवतो. कमेंटमध्ये प्रश्न नकोत.)

परत वेलर्सकडे येऊ. १९६४ मध्ये 'सिमर डाउन' या गाण्याने त्यांनी जमैका गाजवला. गाणी हिट, पण स्टुडिओचा मालक हातात ठेवायचा आठवड्याचा तुटपुंजा पगार. मग त्यांनी निर्माते बदलले, ली 'स्क्रॅच' पेरी नावाच्या विलक्षण माणसासोबत १९७० च्या आसपास काम केलं आणि तिथे त्यांचा खरा आवाज सापडला. टॉशचं '४०० इयर्स' हे गाणं त्याच काळातलं. चारशे वर्षांची गुलामी आणि अजूनही तेच चाललंय, एवढाच विषय. तेव्हा तो पंचविशीत होता.

१९७२ मध्ये लंडनच्या आयलंड रेकॉर्ड्सचा मालक ख्रिस ब्लॅकवेलने वेलर्सना करारबद्ध केलं. जमैकन गाण्यांना रॉक ऐकणाऱ्या गोऱ्या पोरांपर्यंत न्यायचं, हा त्याचा हिशोब. १९७३ मध्ये 'कॅच अ फायर' आणि 'बर्निन'' असे दोन अल्बम आले. आपण ज्याने सुरुवात केली ते 'गेट अप, स्टँड अप' यातल्या दुसऱ्या अल्बमचं पहिलं गाणं.

पण बँडच्या बाहेर एकच चेहरा दिसायला लागला होता. मार्ले देखणा, बोलायला गोड, तडजोड करू शकणारा. टॉश आणि बनीला वाटायला लागलं की आपण तिघांनी मिळून उभं केलेलं घर एकाच्या नावावर चढतंय. त्यात टॉशचा स्वतंत्र अल्बम काढायला ब्लॅकवेलने नकार दिला. १९७४ मध्ये टॉश बाहेर पडला, बनीही बाहेर पडला, आणि बँडचं नाव झालं बॉब मार्ले अँड द वेलर्स.

टॉशने ब्लॅकवेलला शेवटपर्यंत माफ केलं नाही. शब्दांशी खेळायचा त्याला नादच होता. ब्लॅकवेलच्या नावातला 'ब्लॅक' काढून त्याने 'व्हाइट' घातला, 'वेल' काढून 'वर्स्ट' घातलं, आणि त्याला 'व्हाइटवर्स्ट' म्हणायला लागला. पॉलिटिक्सला तो म्हणायचा 'पॉलिट्रिक्स'. आणि सिस्टमला जे म्हणायचा ते ऐकून सभ्य माणसं कानावर हात ठेवायची, 'शिटस्टेम'.

माझ्या मते टॉशला समजून घ्यायचं तर हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपल्यावर राज्य करणाऱ्यांची भाषा आपण जशीच्या तशी का वापरायची, हा त्याचा मूळ प्रश्न होता.

१९७६ मध्ये त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम आला, 'लीगलाइझ इट'. नावातच मागणी. कव्हरवर हिरव्यागार गांजाच्या शेतात बसून चिलीम ओढणारा टॉश. गाण्यात तो सांगतो की डॉक्टरपासून न्यायाधीशापर्यंत सगळे ओढतात मग बंदी कशाला, आणि वर दम्यासारख्या आजारांवर हे औषध आहे असंही सांगतो. वैद्यकीय सल्ला म्हणून हे गाणं घेऊ नका. पण ढोंगावर बोट ठेवणारं गाणं म्हणून घेतलं तर ते चपखल आहे. जमैकाच्या रेडिओने त्यावर बंदी घातली, आणि बंदी घातल्यावर जे होतं तेच झालं. गाणं गल्लीगल्लीत वाजायला लागलं.

पुढच्याच वर्षी, १९७७ ला, 'इक्वल राइट्स' आला. माझं वैयक्तिक मत सांगू का? अख्ख्या रूट्स रेगेमधून पाच अल्बम निवडायला सांगितले तर हा त्यात असणारच. ड्रमवर स्लाय डनबार, बेसवर रॉबी शेक्सपिअर, म्हणजे जमैकाची सगळ्यात तगडी जोडी. आणि त्यावर टॉशचा तो खर्ज. शीर्षकगीताचा मुद्दा साधा आहे. जो तो शांतता मागतोय, न्याय कुणीच मागत नाही. मला शांतता नको, समान हक्क आणि न्याय द्या. याच अल्बममध्ये 'अपार्थाइड' नावाचं गाणं आहे, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्ध. आदल्या वर्षी सोवेटोमध्ये शाळकरी पोरांवर गोळ्या चालल्या होत्या. पाश्चात्त्य पॉपस्टार या विषयावर एकत्र येऊन गायला लागले ते १९८५ मध्ये. टॉश आठ वर्षं आधी गाऊन मोकळा झाला होता.

आता येतो तो दिवस, ज्यासाठी टॉशचं नाव जमैकाच्या इतिहासात वेगळं काढून ठेवावं लागतं.

सत्तरच्या दशकात किंग्स्टनमध्ये दोन पक्षांचं युद्ध चालू होतं. एकीकडे पंतप्रधान मायकल मॅनली यांचा पीएनपी, दुसरीकडे एडवर्ड सिआगा यांचा जेएलपी. दोघांच्याही वस्त्या ठरलेल्या, दोघांच्याही मागे बंदूकवाली पोरं. चुकीच्या रंगाचा शर्ट घालून चुकीच्या गल्लीत गेलात तर परत याल याची खात्री नाही. डिसेंबर १९७६ मध्ये तर खुद्द मार्लेच्या घरात घुसून त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तो वाचला आणि देश सोडून गेला.

मग दोन विरोधी टोळ्यांचे म्होरके, क्लॉडी मॅसॉप आणि बकी मार्शल, यांनी समझोता केला आणि ठरवलं की मोठी मैफल करायची. २२ एप्रिल १९७८, किंग्स्टनचं नॅशनल स्टेडियम, 'वन लव्ह पीस कॉन्सर्ट'. मार्ले परत येणार, हजारो लोक, आणि पुढच्या रांगांमध्ये मॅनली आणि सिआगा दोघंही.

या मैफलीचा एक फोटो जगप्रसिद्ध आहे. मार्ले स्टेजवर दोन्ही नेत्यांना बोलावतो आणि त्यांचे हात धरून डोक्यावर उंचावतो. आजही हा फोटो दर काही दिवसांनी कुणीतरी शेअर करतंच.

पण त्याच रात्री, मार्लेच्या आधी, टॉश गायला होता. त्याचा असा एकही फोटो तुमच्या टाइमलाइनवर आला नसेल, कारण त्याने चित्रीकरणच करू दिलं नाही. काळे कपडे घालून तो आला, गाणी गायला, आणि गाण्यांच्या मधे बोलायला लागला. समोर बसलेल्या पंतप्रधानांना आणि विरोधी पक्षनेत्याला उद्देशून त्याने सुनावलं की गरिबाची पोरं पोलिसांच्या हातून मार खातायत, गांज्याच्या एका काडीसाठी तुरुंगात जातायत, आणि तुम्ही बघत बसलाय. कोलंबसपासून सुरुवात करून त्याने गुलामगिरी, वसाहत, पोलीस, सगळ्यांचा हिशोब मांडला. आणि हे सगळं बोलता बोलता, हजारो लोकांसमोर, देशाच्या पंतप्रधानांसमोर, पोलिसांच्या गराड्यात, त्याने गांजा पेटवला.

सुदैवाने त्याचा आवाज टेपवर राहिला आणि २००० साली तो अल्बम म्हणून निघाला. जमैकन बोलीतली इंग्रजी समजायला अवघड जाते, पण स्वर समजायला भाषेची गरज लागत नाही.

मार्लेने त्या रात्री हात मिळवून दिले. टॉशने विचारलं की हात मिळवणाऱ्यांच्या हाताला काय लागलंय. बरोबर कोण होतं? आपापलं मत असू शकतं. फक्त पुढचं ऐका. ज्या दोन म्होरक्यांनी समझोता घडवला त्यातला मॅसॉप १९७९ मध्ये पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, मार्शलचा १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये खून झाला, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीच्या हिंसाचारात जमैकात आठशेच्या वर माणसं मारली गेली.

टॉशला स्वतःला इतकीही वाट बघावी लागली नाही. मैफलीनंतर पाच महिन्यांनी, सप्टेंबर १९७८ मध्ये, किंग्स्टनच्या हाफ वे ट्री भागात तो उभा होता. हातात अर्धवट ओढलेला गांजा. पोलीस आले, बाचाबाची झाली, आणि त्याला ठाण्यात नेलं. तिथे खोलीत घेऊन अनेक पोलिसांनी मिळून त्याला मारलं. हात मोडला, डोकं फुटलं, टाके घालावे लागले. नंतर त्याने सांगितलं की मी मेल्याचं नाटक करून पडून राहिलो म्हणून वाचलो. पोलिसांचा मार त्याला नवीन नव्हता, १९७५ मध्येही बेदम खाल्ला होता. पण या वेळी ज्यांच्याबद्दल तो स्टेजवरून बोलला, त्यांनीच उत्तर दिलं असं सगळ्या किंग्स्टनला वाटलं.

आता एक वेगळीच लाइन याच्याबरोबर चालू होती. त्या मैफलीला प्रेक्षकांत मिक जॅगर बसला होता. रोलिंग स्टोन्सचा जॅगर. त्याला टॉश इतका भावला की त्याने त्याला थेट स्टोन्सच्या कंपनीत करारबद्ध केलं. १९७८ मध्येच 'बुश डॉक्टर' आला, त्यात जॅगरसोबतचं एक द्वंद्वगीत, अमेरिकेत स्टोन्सच्या आधी स्टेजवर, टीव्हीवर जॅगरच्या बाजूला टॉश. म्हणजे एकीकडे ठाण्यात डोकं फोडून घेणारा माणूस दुसरीकडे जगातल्या सगळ्यात मोठ्या रॉक बँडचा पाहुणा.

ही दोस्ती टिकली असती तर तो टॉश कसला. स्टोन्सचा गिटारवाला कीथ रिचर्ड्सचं जमैकात ओचो रिओसला घर होतं. ते त्याने टॉशला राहायला दिलं. काही दिवसांनी रिचर्ड्सला स्वतःला तिथे राहायचं होतं, तर हा घर सोडायला तयार नाही. रिचर्ड्सने आत्मचरित्रात सांगितलंय की फोनवर टॉशने त्याला गोळी घालायची धमकी दिली, आणि रिचर्ड्सने उलट सांगितलं की बंदूक चालवायचा सराव करून ठेव, मी थोड्याच वेळात पोहोचतोय. पोहोचला तेव्हा टॉश निघून गेला होता. पुढे स्टोन्सची कंपनी आपल्या गाण्यांची नीट जाहिरात करत नाही म्हणून टॉशने तिथूनही काढता पाय घेतला.

म्हणजे माणूस सोपा नव्हता. हट्टी होता, संशयी होता, भुताखेतांवर त्याचा पक्का विश्वास होता. त्याच वेळी कराटे करायचा आणि एकचाकी सायकल चालवायचा, कधी कधी तर थेट स्टेजवर एकचाकीवरून यायचा. मे १९८१ मध्ये मार्ले कॅन्सरने गेला तेव्हा जमैकाने त्याला सरकारी इतमामात निरोप दिला. टॉश त्या अंत्यसंस्काराला नव्हता. दोघांनी एका अंगणात गाणं शिकलं होतं, हे लक्षात घेतलं तर ही गैरहजेरी बोचते. पण सात वर्षांचा राग एका दिवसात जात नाही.

१९८३ मध्ये 'मामा आफ्रिका' आला आणि त्याच वर्षी त्याच्या हातात एक नवीन गिटार दिसली. आकार थेट एम-१६ रायफलचा. एका चाहत्याने त्याच्यासाठी बनवली होती. वाजवायचा तेव्हा लांबून वाटायचं माणूस बंदूक घेऊन उभाय. वर्षअखेर तो आफ्रिकेत स्वाझीलँडला गायला गेला, वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या अगदी दाराशी. आपल्या रेकॉर्ड दक्षिण आफ्रिकेत विकल्या जातायत हे त्याला खटकत होतं, आणि असे करार मोडायच्या खटपटीत त्याची पुढची काही वर्षं गेली. नवीन अल्बम नाही, दौरे नाहीत, आफ्रिकेत वैदूंकडे जाऊन राहणं. ऐन उमेदीतली वर्षं अशी गेली.

१९८७ मध्ये 'नो न्यूक्लिअर वॉर' घेऊन तो परतला. आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरची संध्याकाळ आली.

किंग्स्टनच्या बार्बिकन भागातल्या त्याच्या घरी मित्र जमले होते. मोटरसायकलवरून तिघंजण आले. त्यातल्या एकाला टॉश चांगला ओळखायचा. डेनिस लोबन, सगळे त्याला लेप्पो म्हणायचे. तुरुंगातून सुटल्यावर त्याला उभं राहायला टॉशनेच मदत केली होती. त्यामुळे दार उघडलं गेलं. आत आल्यावर बंदुका निघाल्या आणि पैसे मागितले गेले. टॉशने सांगितलं घरात पैसे नाहीत. त्यांना पटलं नाही. मारहाण, धमक्या, झडती, आणि शेवटी गोळीबार. टॉशच्या डोक्यात गोळी घातली. त्याच्यासोबत वनौषधी देणारा विल्टन ब्राउन आणि रेडिओवरचा लाडका आवाज जेफ डिक्सन, ज्याला लोक फ्री-आय म्हणायचे, हे दोघंही गेले. आणखी काहीजण जखमी झाले पण वाचले.

टॉश बेचाळीस वर्षांचा होता.

लोबन पोलिसांच्या स्वाधीन झाला. त्याने गुन्हा कबूल केला नाही, पण ज्युरीने त्याला काही मिनिटांत दोषी ठरवलं. फाशी झाली, १९९५ मध्ये ती जन्मठेपेत बदलली. बाकीच्या दोघांवर कधीच खटला चालला नाही. त्यामुळे हा साधा दरोडा होता की आणखी काही, ही कुजबुज किंग्स्टनमध्ये आजही थांबलेली नाही. पुरावा मात्र दरोड्यापलीकडे कुठेच जात नाही.

पुढच्या वर्षी, मार्च १९८८ मध्ये, 'नो न्यूक्लिअर वॉर'ला रेगेचं ग्रॅमी मिळालं.

नंतर सन्मान येत राहिले, उशिरा येतात तसेच. १९९७ मध्ये 'ऑनररी सिटिझन' नावाचा तीन सीडींचा संग्रह निघाला, ज्यात जमैकाबाहेर फारशी न पोहोचलेली त्याची जुनी गाणी आणि लाइव्ह मैफली एकत्र मिळतात. 'लेजंड' ऐकून झाला असेल तर पुढची पायरी म्हणून हा ऐका, मार्लेच्या गोडव्यानंतर हा कडू काढा लागेल पण घशाखाली उतरतो. २०१२ मध्ये, स्वातंत्र्याच्या पन्नाशीला, जमैका सरकारने टॉशला 'ऑर्डर ऑफ मेरिट' दिला. मार्लेला तो १९८१ मध्येच मिळाला होता. २०१६ मध्ये किंग्स्टनमध्ये त्याचं संग्रहालय उघडलं. तिथे त्याची एकचाकी सायकल पण आहे आणि ती रायफलच्या आकाराची गिटार पण.

आणि २०१५ मध्ये जमैकाने कायदा बदलला. दोन औंसांपर्यंत, म्हणजे साधारण ५६ ग्रॅम, गांजा जवळ असणं आता फौजदारी गुन्हा नाही, फक्त किरकोळ दंड. घरात पाच झाडं लावायला परवानगी. रस्ताफारींना धार्मिक विधीसाठी वापरायलाही परवानगी. टॉशने जे गाणं म्हणून मागितलं होतं, त्यातलं बरंचसं एकोणचाळीस वर्षांनी कागदावर आलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

टॉशचा मुलगा जवारा मॅकिंटॉश हाही संगीतकार, टॉश-वन नावाने गायचा. २०१३ मध्ये अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात त्याच्या गाडीत गांजा सापडला. खटला चालला, त्याने गुन्हा कबूल केला आणि तो शिक्षा भोगायला काउंटीच्या तुरुंगात गेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथे दुसऱ्या एका कैद्याने त्याला इतकं मारलं की मेंदूला जबर इजा झाली. तो पुन्हा कधीच चालू-बोलू शकला नाही. कुटुंबाने त्याला बोस्टनला घरी नेलं, तीन वर्षं सांभाळलं. जुलै २०२० मध्ये तो गेला.

नोव्हेंबर २०२० मध्ये न्यू जर्सीच्या मतदारांनी गांजा कायदेशीर करायच्या बाजूने कौल दिला.